केत्सलच्या रानातील मिरची

रुपयाच्या नावात रुपे दडलेले आहे, पौंडाच्या नावात वजन आहे. मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला या छोट्याशा देशाच्या चलनाचे नाव मात्र एका पक्ष्याचे आहे. त्याचे नाव केत्सल. १९२५ साली तेथील जुना पेसो जाऊन केत्सल आला आणि नोटांवर हा हिरवागार पक्षी आपली लांबलचक शेपटी सावरीत विराजमान झाला. माया लोकांच्या काळी केत्सलची पिसे ही मोठ्या प्रतिष्ठेची आणि देवघेवीची वस्तू होती. राजे व पुरोहित यांच्या शिरोभूषणांत ती खोवली जात. नराच्या शेपटीवरील पिसे जवळजवळ मीटरभर लांब असतात. पिसांचे मोल पुढे गेले आणि त्यांच्या जागी नाणी-नोटा आल्या. पण मोलाची खूण म्हणून पक्षी कायम राहिला. चलनाच्या इतिहासात इतके सुंदर नाव क्वचितच आढळेल.

नोटेवरचा हा पक्षी रानात मात्र दुर्मीळ होत गेला. त्याला लागते ते मेघवन, म्हणजे डोंगरमाथ्यावरचे, सदैव ढगांत बुडालेले जंगल. ग्वाटेमालाच्या वेरापास भागात असे जंगल आहे. तिथे पाऊस कोसळत नाही, तो दिवसच्या दिवस भुरभुरतो. या भुरभुरीला तिथले लोक 'चिपी-चिपी' म्हणतात. झाडांच्या फांद्या शेवाळाने माखलेल्या, खोडांवर नेचे आणि आमरे लगडलेली, पायाखाली कुजलेल्या पानांचा ओला गालिचा असे ते रान असते. केत्सल तिथे रानटी अ‍ॅव्होकॅडोच्या कुळातील वृक्षांची फळे खातो आणि कुजलेल्या खोडांत घरटे करतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या डोंगरांवर कॉफीचे मळे चढू लागले, मक्याची शेते तर त्याआधीपासूनच होती. जंगल मागे सरत गेले आणि पक्षीही त्याबरोबर मागे सरला.

तेथील सान कार्लोस विद्यापीठातील जीवशास्त्रज्ञ मारिओ दारी रिवेरा यांनी या पक्ष्यासाठी जंगलाचा एक तुकडा राखून ठेवण्याचे मनावर घेतले. त्यांच्या प्रयत्नांतून १९७० च्या दशकात पुरुल्हा गावाजवळ सुमारे एक हजार हेक्टरांचे केत्सल-अभयारण्य उभे राहिले आणि त्याची व्यवस्था विद्यापीठाकडे आली. ग्वाटेमालात तेव्हा यादवी युद्ध पेटलेले होते. १९६० मध्ये सुरू झालेले हे युद्ध १९९६ पर्यंत संपले नाही. विद्यापीठातील माणसे त्यात विशेष करून बळी पडली. मारिओ दारी त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि डिसेंबर १९८१ मध्ये त्यांची हत्या झाली. अभयारण्याला आज त्यांचेच नाव आहे. एका देशात माणसांचे जीव स्वस्त झालेले असताना एका पक्ष्यासाठी राखलेले हे रान पुढे एका मिरचीच्याही कामी येणार आहे, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानीमनीही नसावे.

हरवलेले झुडूप

विसाव्या शतकाच्या आरंभी जे. एम. ग्रीनमन या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञांनी मध्य अमेरिकेतील एका झुडपाचे शास्त्रीय वर्णन केले. पाने लांबट, टोकाशी निमुळती, भाल्याच्या पात्यासारखी. म्हणून त्याला 'लॅन्सिओलेटस', म्हणजे भालाकृती, असे नाव दिले आणि त्याची गणना 'ब्रॅकिस्टस' या प्रजातीत केली. ब्रॅकिस्टस हीदेखील मिरची-वांग्याच्या कुळातीलच, परंतु निराळी प्रजाती. पुढे १९४० मध्ये मॉर्टन आणि स्टँडली यांनी हे झुडूप मिरचीच्या प्रजातीत आणून बसविले आणि त्याचे नाव 'कॅप्सिकम लॅन्सिओलेटम' असे झाले. कागदावर मिरच्यांच्या घराण्यात एका सदस्याची भर पडली. प्रत्यक्षात मात्र या सदस्याला जिवंत पाहिलेली माणसे फारच थोडी होती. वनस्पतिसंग्रहांतील काही वाळलेले नमुने, त्यांवरच्या चिठ्ठ्या आणि ग्रंथांतील दोनचार ओळी एवढीच त्याची इस्टेट.

अशा वाळलेल्या नमुन्यांची थोडी माहिती घेणे योग्य होईल, कारण पुढची सारी शोधकथा त्यांच्यावर उभी आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ रानात सापडलेली फांदी फुलाफळांसह दाबून वाळवितो आणि जाड कागदावर चिकटवितो. कोपऱ्यात तो एक चिठ्ठी लावतो. तीत गोळा करणाऱ्याचे नाव, तारीख, ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि जमल्यास फुलाचा ताजेपणीचा रंगही असतो, कारण वाळल्यावर रंग उडून जातो. बँकेच्या खातेवहीतील नोंदीइतकीच ही नोंद काटेकोर असावी लागते. शंभर वर्षांनी कोणी तीच वनस्पती शोधू निघाला, तर हातात एवढीच एक चिठ्ठी असते.

अमेरिकेतील न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठात मिरचीवरील संशोधनाची जुनी परंपरा आहे. तेथील प्राध्यापक पॉल बॉस्लंड हे मिरचीचे जगद्विख्यात अभ्यासक. १९९२ मध्ये तेथे 'चिली पेपर इन्स्टिट्यूट' त्यांनीच सुरू केली. बॉस्लंड आणि त्यांचे सहकारी मॅक्स गोन्झालेस यांनी ही भालाकृती पानांची मिरची शोधायचे ठरविले. ती नामशेष झाली असावी, असा तोपर्यंत समज होता, आणि तो निराधार म्हणता येणार नाही; कारण वेरापासच्या डोंगरांवर जिथे पूर्वी जंगल होते तिथे आता बहुतेक ठिकाणी मका आणि कॉफी डोलत होती. मक्याच्या शेतात रानटी मिरचीचे झुडूप टिकत नाही. त्याला सावली लागते, ओल लागते आणि माणसाचा कोयता दूर असावा लागतो.

हे तिन्ही जिथे होते अशी जागा उरली होती ती केत्सलच्या अभयारण्यात. तिथल्या अस्पर्श मेघवनात कॅप्सिकम लॅन्सिओलेटम जिवंत सापडली. २००० साली बॉस्लंड आणि गोन्झालेस यांचा शोधनिबंध 'बायोडायव्हर्सिटी अँड कन्झर्व्हेशन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अभयारण्ये जी 'अप्रकट' जैवविविधता जपून ठेवतात, तिचे महत्त्व त्याच्या शीर्षकातच नमूद केलेले आहे. रान राखले गेले ते पक्ष्याच्या नावाने. त्याच्या सावलीत आणखी काय काय तग धरून आहे याची यादी राखणाऱ्यांजवळ नव्हती आणि असणेही शक्य नव्हते.

मिरची ओळखावी कशी?

मंडईत मिरची ओळखायला कोणाला शिकवावे लागत नाही. रानात मात्र तिची ओळख पटविणे सोपे नाही. ही मिरची तिखट नाही. तिची फळे लहान बोराएवढीही नाहीत आणि लांबट तर मुळीच नाहीत. बटाटा, वांगे, टोमॅटो, तंबाखू, धोतरा आणि मिरची ही सारी एका कुळातील भावंडे. त्या कुळात लहान, गोल, लालसर फळे धरणारी झुडपे उदंड आहेत. मग एखादे झुडूप मिरचीच आहे हे ठरते कशावरून?

तिखटपणावरून ठरत नाही, ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे. तिखटपणा देणारे कॅप्सायसिन हे द्रव्य वनस्पतिसृष्टीत मिरचीच्या प्रजातीतच आढळते हे खरे. पण म्हणून प्रत्येक मिरचीत ते असतेच असे नाही. शास्त्रज्ञ जिभेपेक्षा भिंगावर अधिक भरवसा ठेवतात. फळाच्या देठाशी जी हिरवी टोपी असते, तिला निदलपुंज म्हणतात. मिरचीत तिची कड बहुधा वाटीसारखी सरळ कापल्यासारखी असते आणि तिच्यावर शिरा किंवा छोटी टोके निघालेली असतात. फुलातील परागकोश उभ्या चिरेने उकलतात. मिरचीची सर्वांत जवळची नातलग प्रजाती आहे 'लायसिअँथिस'. तिची टोपी हुबेहूब मिरचीसारखीच असते, परंतु तिचे परागकोश चिरेने न उकलता टोकाच्या बारीक छिद्रांतून पराग सांडतात. दोन घराण्यांमधली सरहद्द ही अशी, चीर की छिद्र एवढ्या फरकावर आखलेली आहे. वाळलेल्या, चुरगळलेल्या नमुन्यावर हे पाहणे किती जिकिरीचे असेल याची कल्पना करता येते. या झुडपाला आधी भलत्याच प्रजातीत बसविले गेले यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

किंबहुना मिरचीच्या नामकरणाचा सारा इतिहासच चुकलेल्या पत्त्यांनी भरलेला आहे. कोलंबस निघाला होता काळ्या मिऱ्यांच्या शोधात. कॅरिबियन बेटांवर त्याला हे तिखट फळ भेटले आणि युरोपने त्याला मिऱ्याचेच नाव दिले. मराठीनेही वेगळे केले नाही. संस्कृतातील 'मरीच' म्हणजे मिरे, आणि त्याच शब्दाच्या कुशीतून आपली 'मिरची' जन्मली. पोर्तुगिजांनी ती गोव्याच्या किनाऱ्यावर आणली. मुंबईच्या बाजारात तिला एके काळी 'गोवाई मिरची' म्हणत, अशी नोंद जुन्या ग्रंथांत आढळते. ती इतक्या झपाट्याने इथे रुजली की १५४२ साली लेओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्याने आपल्या प्रसिद्ध वनस्पतिग्रंथात तिचे चित्र दिले, तेव्हा तिला 'कालिकतची मिरी' म्हटले. अमेरिकेतली वनस्पती अर्धशतकाच्या आत भारतीय ठरली!

पुढे १७५३ मध्ये लिनिअसने मिरचीच्या दोन जाती मानल्या. त्यांतील एकीला त्याने 'अ‍ॅन्युअम', म्हणजे वर्षायू, म्हटले. पण उबदार हवेत हे झुडूप सहज अनेक वर्षे जगते. १७७६ मध्ये जॅकिन यांनी आणखी एका जातीला 'चायनेन्सी', म्हणजे चीनची, असे नाव दिले. तिचा चीनशी काहीही संबंध नव्हता, ती दक्षिण अमेरिकेची. नियमानुसार जुने नाव चुकीचे असले तरी बदलता येत नाही, म्हणून ती आजही शास्त्राच्या दप्तरात 'चिनी' आहे. १९२३ मध्ये तर बेली या नामवंत अभ्यासकाने लागवडीतील साऱ्या मिरच्या एकाच जातीच्या ठरवून टाकल्या. १९५० च्या दशकात चार्ल्स हायझर आणि पॉल स्मिथ यांनी संकराचे प्रयोग करून आणि फुलांचे बारकावे पाहून हा गुंता सोडविला, तेव्हा लागवडीतील पाच जाती स्थिर झाल्या. आपल्या ब्याडगी, गुंटूर, संकेश्वरी आणि ढोबळी मिरच्या दिसायला कितीही निरनिराळ्या असल्या तरी त्या सर्व एकाच 'अ‍ॅन्युअम' जातीत मोडतात. रूपावर जाऊन नाते ठरविणे किती धोक्याचे असते, ते यावरून दिसते.

तेरावी जोडी

रूपावर भागत नसेल तर आत शिरावे लागते. लागवडीतील पाचही जातींच्या पेशीत गुणसूत्रांच्या बारा जोड्या, म्हणजे एकूण २४ गुणसूत्रे असतात. अभयारण्यातील मिरचीची गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली मोजली गेली तेव्हा ती २६ भरली. तेरा जोड्या! बॉस्लंड यांनी टाँग या सहकाऱ्यासह २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या जातीच्या आणि ब्राझीलमधील 'ब्युफोरम' नावाच्या दुसऱ्या रानटी मिरचीच्या गुणसूत्रांची छाननी केली. दोहोंतही २६ गुणसूत्रे आढळली.

हा आकडा ऐकून एखाद्याला वाटेल की तेरा जोड्यांच्या मिरच्यांचे एक निराळे घराणे असले पाहिजे. प्रकरण इतके सरळ नाही. ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यालगतच्या जंगलात तेरा जोड्यांच्या काही मिरच्या आहेत, आणि मेक्सिकोपासून पेरूपर्यंतच्या डोंगराळ पट्ट्यात तेरा जोड्यांच्याच आणखी काही आहेत. आकडा तोच, पण या दोन शाखा एकमेकींपासून दूर. २०१६ मध्ये कारिझो गार्सिया आणि सहकाऱ्यांनी डीएनएच्या आधारे मिरच्यांची वंशावळ मांडली, तेव्हा त्यांना अकरा शाखा दिसल्या. भालाकृती पानांची ही मिरची त्यांपैकी 'अँडीज' नावाच्या शाखेत पडते. या शाखेतील एकही मिरची तिखट नाही. आणि वंशवृक्षावर हीच शाखा बाकीच्या साऱ्या मिरच्यांपासून सर्वांत आधी वेगळी झालेली दिसते.

याचा अर्थ मोठा गमतीचा आहे. मिरचीचे पूर्वज तिखट नव्हते. तिखटपणा ही नंतरची कमाई आहे. ग्वाटेमालाच्या ढगांत दडलेले हे बेचव झुडूप म्हणजे मिरची तिखट होण्याआधीच्या काळाची जिवंत आठवण आहे. ते नष्ट झाले असते, तर तिखटपणाच्या उगमाचा विचार करताना पुराव्यातला एक मोलाचा कागद कायमचा गहाळ झाला असता.

मग तिखटपणा आला तरी कशासाठी? माणसाच्या जिभेसाठी तो निश्चितच नव्हता. २००१ मध्ये ट्यूक्सबरी आणि नभान यांनी 'नेचर' या नियतकालिकात अ‍ॅरिझोनातील रानटी मिरचीवरचे निरीक्षण प्रसिद्ध केले. उंदीर-घुशींच्या जातीचे प्राणी तिखट फळांकडे फिरकत नाहीत. पक्षी मात्र ती खुशाल खातात. उंदरांच्या दातांखाली बिया चुरडल्या जातात, पक्ष्यांच्या पोटातून त्या सुखरूप बाहेर पडतात आणि दूरवर रुजतात. पक्ष्यांना तिखट लागतच नाही. त्यांच्या मज्जातंतूंवरील ज्या ग्राहकाला कॅप्सायसिन चिकटायला हवे, तो त्यांच्यात वेगळ्या घडणीचा असतो. हा ग्राहक १९९७ मध्ये ओळखणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे २००८ मध्ये बोलिव्हियातील एका रानटी मिरचीच्या अभ्यासातून आणखी एक कारण पुढे आले. कीटक फळाला टोचतात, त्या छिद्रांतून बुरशी शिरते आणि बिया कुजविते; जिथे हा उपद्रव अधिक, तिथली झुडपे अधिक तिखट. पापडाच्या पिठात वा लोणच्यात मिरची पडते तेव्हा तिचा हाच जुना गुण थोडाफार कामी येत असावा.

भारतातील एक प्रकरण

मिरचीचे वर्गीकरण म्हणजे दूरदेशीच्या प्रयोगशाळेतली चर्चा, असे वाटण्याचे कारण नाही. ईशान्य भारतातील एका मिरचीने या शास्त्राला चांगलाच घाम फोडला आहे. नागालँड, आसाम आणि मणिपूर येथे पिकणारी ही सुरकुतलेली, अणकुचीदार मिरची. आसामात तिला भूत जोलोकिया म्हणतात, नागालँडात ती राजा मिर्चा. २००० साली तेजपूर येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी 'करंट सायन्स' मध्ये तिच्या तिखटपणाचा आकडा जाहीर केला : ८,५५,००० स्कोव्हिल एकके. स्कोव्हिल हे मोजमाप १९१२ चे. मिरचीचा अर्क साखरपाण्यात किती पट पातळ केला म्हणजे तिखटपणा जाणवेनासा होतो, त्यावरून ते काढीत. आता ते यंत्राने काढतात. अमेरिकेत लोकप्रिय असलेली हालापेन्यो मिरची साधारण २,५०० ते ८,००० एककांत बसते. तुलनेने हा आकडा अविश्वसनीयच होता आणि अनेकांनी तसा अविश्वास दाखविलाही.

तेजपूरच्या अभ्यासकांनी तिला 'फ्रूटेसेन्स' जातीत धरले होते. तिच्या बिया बॉस्लंड यांच्याकडे पोहोचल्या. ग्वाटेमालाच्या रानातील मिरचीची ओळख पटविणाऱ्या या प्राध्यापकांनी इथेही तोच मार्ग धरला : प्रथम झाडाची नीट ओळख, मग आकडा. २००७ मध्ये बराल या सहकाऱ्यासह त्यांनी निष्कर्ष मांडला. ही मिरची मुख्यतः 'चायनेन्सी' जातीची आहे, परंतु तिच्यात 'फ्रूटेसेन्स' चेही काही अंश मिसळलेले आहेत. म्हणजे ती निसर्गतः घडून आलेला संकर असावी. तिखटपणा १०,०१,३०४ एकके. त्याच वर्षी गिनेसच्या पुस्तकात जगातील सर्वांत तिखट मिरची म्हणून तिची नोंद झाली. विक्रम पुढे मोडला गेला, विक्रमांचे तेच होते. तेजपूरच्या आकड्याचे मात्र सार्थक झाले. २००८ मध्ये 'नागा मिर्चा' ला भौगोलिक उपदर्शन, म्हणजे जीआय नोंदणी मिळाली आणि डोंगरातल्या परसात पिकणाऱ्या या मिरचीला बाजारात स्वतःच्या नावाने उभे राहता आले. योग्य नाव लागण्याला असे रोकड मोलही असते.

झाड सापडले, पुढे काय?

रानटी मिरचीच्या शोधाची बातमी वाचून व्यवहारी माणूस विचारील की तिचा उपयोग काय. प्रश्न रास्त आहे. कॅप्सिकम लॅन्सिओलेटमपुरते प्रामाणिक उत्तर द्यायचे तर आज तरी तिचा शेतीत थेट उपयोग नाही. गुणसूत्रांची संख्याच निराळी असल्याने लागवडीतील मिरचीशी तिचा संकर सहजासहजी साधण्यासारखा नाही. तिची फळे मंडईत येणार नाहीत. तिच्याविषयी भरमसाट आशा बाळगणाऱ्यांनी ही गोष्ट नजरेआड करू नये.

परंतु रानटी आणि अपरिचित वाणांचा हिशेब एका हंगामात मांडता येत नाही. मिरचीच्या शेतकऱ्याला ज्या गोष्टी छळतात त्या आठवून पाहाव्यात. पाने आकसून झाड खुरटविणारा चुरडा-मुरडा, फांद्या वाळविणारा आणि फळे कुजविणारा करपा, पांढरी माशी, फुलकिडे ही ती मंडळी. २०२१-२२ च्या हंगामात एका नव्या परदेशी जातीच्या फुलकिड्यांनी आंध्र प्रदेश आणि तेलंगणातील मिरचीचा फडशा पाडला. फुले गळाली, हजारो एकरांवर पीक उखडून टाकावे लागले. मिरचीचे एकरी भांडवल मोठे असते. असा हंगाम बुडाला म्हणजे त्याचे पडसाद गावातील बँकेच्या शाखेतही उमटतात, हे ग्रामीण शाखांत काम केलेल्यांना सांगायला नको. फळ कुजविणाऱ्या करप्याला तोंड देण्याची ताकद आपल्या नेहमीच्या 'अ‍ॅन्युअम' मिरचीत फारशी आढळली नाही. ती मिळाली 'बॅकॅटम' आणि 'चायनेन्सी' या दुसऱ्या जातींच्या काही वाणांत, तीही तैवानमधील जागतिक भाजीपाला केंद्राच्या संग्रहात जपून ठेवलेल्या बियांत. तिथे मिरचीचे आठ हजारांहून अधिक नमुने आहेत. त्यांतील बहुतेकांकडे आज कोणी ढुंकूनही पाहत नाही. गरज पडेल तेव्हा कोणत्या नमुन्याची पडेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून सगळेच ठेवावे लागतात.

अशाच राष्ट्रीय बियाणे-कोषाची व्यवस्था आपल्याकडे दिल्लीत पुसा परिसरातील राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोत आहे. तेथे उणे १८ ते उणे २० अंश सेल्सिअस तापमानात बियांची पाकिटे निजलेली असतात. कोरड्या, गारठलेल्या बिया अनेक दशके जगतात. अधूनमधून थोड्या बिया पेरून त्या उगवतात की नाही हे पाहावे लागते आणि उगवण घसरली तर नवे पीक घेऊन साठा भरून काढावा लागतो. ठेवीची मुदत संपली की ती नव्याने गुंतवावी, तसाच हा प्रकार. मात्र हिमकोषातील बी काळाच्या एका क्षणी थांबलेले असते. रानातले झुडूप थांबत नाही. ते बुरशीशी, किडींशी, बदलत्या पावसाशी रोज झगडत असते आणि पिढीगणिक बदलत असते. म्हणून कोष आणि रान ही दोन्ही लागतात. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

रानाची स्थिती मात्र फारशी आश्वासक नाही. मका, घेवडा, भोपळा, अ‍ॅव्होकॅडो, मिरची अशा पिकांच्या मेक्सिको व मध्य अमेरिकेतील रानटी नातलगांची एक पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तपासलेल्या २२४ वनस्पतींपैकी एक तृतीयांशाहून अधिक वनस्पतींना नामशेष होण्याचा धोका आहे, असे तिच्यात आढळले. जंगल तोडून शेती करणे, चराई, तणनाशके ही त्याची कारणे. आणि गोम अशी की हा सारा भूभाग ज्या पिकांनी जगाला खाऊ घातले त्यांचे माहेर आहे. सहा हजार वर्षांपूर्वीची मिरचीची खूण अमेरिका खंडातील जुन्या भांड्यांवर आणि जात्यांवर पिठूळ कणांच्या रूपाने मिळालेली आहे. माणसाने तिथेच तिला रानातून अंगणात आणले.

२०२२ मध्ये अर्जेंटिनातील ग्लोरिया बार्बोसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिरचीच्या साऱ्या ज्ञात जातींचा एक बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. चारशेहून अधिक पानांच्या त्या ग्रंथात मिरचीच्या ४३ जाती मानल्या आहेत. त्यांतील लागवडीच्या पाच वजा जाता बाकीच्या सर्व रानटी. काही तर नव्यानेच ओळखल्या गेलेल्या. देशोदेशीच्या वनस्पतिसंग्रहांतील हजारो वाळलेले नमुने एकेक करून पाहणे, त्यांवरच्या चिठ्ठ्या ताडणे, जुनी चुकलेली नावे दुरुस्त करणे आणि शक्य तिथे रानात जाऊन झुडूप पुन्हा गाठणे, असे हे काम वर्षानुवर्षे चालले होते. त्या ४३ मध्ये कॅप्सिकम लॅन्सिओलेटमही आहे, अँडीजच्या शाखेत, आपल्या बिनतिखट भावंडांच्या सोबत. पुरुल्हाच्या अभयारण्यात पर्यटक आजही पहाटेच्या धुक्यात माना वर करून उभे राहतात, केत्सल दिसावा म्हणून. खाली सावलीतल्या झुडपांकडे सहसा कोणी पाहत नाही.